तोर्चेल्लो बेटावरचं बिझंटाईन चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेनिसला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा एक अख्खी सकाळ तोर्चेल्लोला घालवली, तेव्हापासून नात्यातलं, ऑफिसातलं, सोसायटीतलं कोणीही इटलीला निघालं की मला मेसेज येतो. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. भाडी आणि वेळा बदलत असतात, निघायच्या आधी एकदा बघून घ्या, नंतर मला ओरडू नका.

१. तोर्चेल्लो नक्की कुठे आहे आणि तिथे बघायचं काय?

व्हेनिस ज्या उथळ खाऱ्या पाण्यात वसलंय त्याला लगून म्हणतात, त्या लगूनच्या उत्तरेकडच्या भागात हे छोटंसं बेट आहे. बोटीतून उतरलं की एक कालवा, कालव्याच्या कडेने पायवाट, दहाएक मिनिटं चाललं की गवताळ चौक. चौकात दोन चर्च जवळजवळ खेटून उभी आहेत, मोठं ते सांता मारिया आस्सुंता आणि बुटकं ते सांता फोस्का, बाजूला उंच बेल टॉवर, समोर दोन जुन्या इमारतींमध्ये लहानसं म्युझियम. संपलं गाव. कायमचे राहणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सगळे आपल्यासारखे, मोठ्या चर्चमधलं मोझेक, म्हणजे बारीक रंगीत तुकडे जोडून भिंतीवर केलेली चित्रं, बघायला आलेले.

२. टॉर्सेलो, टोर्सेल्लो की तोर्चेल्लो?

तोर्चेल्लो. तिकीट खिडकीवर टॉर्सेलो म्हटलंत तरी कळतं त्यांना, रोजची सवय आहे.

३. बिझंटाईन म्हणजे काय? गोव्यात चर्च बघितलीत, त्यापेक्षा वेगळं काय असणार?

पूर्ण वेगळं. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुसचं चर्च १६०५ चं, म्हणजे पोर्तुगीज काळातलं, तिथे डोळे जातात कोरलेल्या सोनेरी लाकडाकडे आणि पुतळ्यांकडे. बिझंटाईन म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, आताच्या इस्तंबूलच्या, पूर्व रोमन साम्राज्याची रीत. त्या रीतीत पुतळे जवळपास नसतात. भिंतच बोलते. काचेच्या बारीक तुकड्यांनी भरलेली सोनेरी भिंत, त्यावर सरळ समोर बघणाऱ्या मोठ्या डोळ्यांच्या आकृत्या, मागे ना डोंगर ना झाड, नुसतं सोनं.

आता खरं सांगायचं तर मोठ्या चर्चचा आराखडा काही घुमटाचा बिझंटाईन नाही, तो लांबट बॅसिलिकेचा आहे, मधे मोठा दालनवजा भाग, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला अर्धगोल. कार्ल्याचं चैत्यगृह आठवा, आत शिरल्यावर पाय जसे आपोआप पुढे ओढले जातात ना, तसंच होतं इथे. बिझंटाईन आहे ते मोझेक, आणि ते करणाऱ्या कारागिरांचा हात ग्रीक परंपरेतला. बिझंटाईन आराखडा बघायचाच असेल तर शेजारचं सांता फोस्का, प्रश्न १७ बघा.

४. हे व्हेनिसपेक्षा जुनं आहे म्हणतात, खरं की गाईडची थाप?

बरंचसं खरं. चर्चमध्ये एक शिलालेख आहे, त्यात ६३९ साल येतं, सम्राट हेराक्लियसचं नाव येतं आणि राव्हेन्नाहून कारभार बघणाऱ्या त्याच्या अधिकाऱ्याचं, इसाकचंही येतं. म्हणजे चर्च उभं राहिलं तेव्हा हा भाग सरळ सरळ कॉन्स्टँटिनोपलच्या राज्यात होता. व्हेनिसच्या इतिहासातला अगदी सुरुवातीचा लेखी पुरावा म्हणून हाच दगड दाखवतात. समोरच्या किनाऱ्यावर आल्तिनो नावाचं रोमन शहर होतं, उत्तरेकडून लाँगोबार्द लोक आले तशी तिथली माणसं, बिशपसकट, दलदल ओलांडून बेटांवर येऊन राहिली. व्हेनिसमधलं प्रसिद्ध सान मार्कोचं आत्ता दिसणारं चर्च बांधायला घेतलं १०६३ च्या सुमारास, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी.

पण तुम्ही ज्या भिंतींना टेकून उभे राहाल त्या सगळ्या ६३९ च्या नाहीत. ९ व्या शतकात मोठी डागडुजी झाली आणि १००८ मध्ये बिशप ओर्सो ओर्सेओलोने, हा व्हेनिसच्या त्या वेळच्या डोजेचा, म्हणजे प्रमुखाचा, मुलगा, चर्च उंच करून जवळपास नव्याने उभं केलं. आज दिसतं ते मुख्यतः हे.

५. एवढं महत्त्वाचं गाव होतं तर मग गेलं कुठे?

गाळात गेलं, खरोखर. १० व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सातव्या कॉन्स्टंटाईन सम्राटाने तोर्चेल्लोची नोंद मोठी व्यापारी पेठ म्हणून केलीये, हजारोंची वस्ती होती, लोकरीचा धंदा होता. मग नद्यांनी आणलेल्या गाळाने भोवतालचं पाणी उथळ होत गेलं, खारं-गोडं पाणी मिसळून दलदल झाली, दलदलीत डास, डासांबरोबर मलेरिया. तिकडे व्हेनिस वाढत होतं. लोक हळूहळू निघून गेले आणि जाताना, किंवा नंतर येऊन, घरांचे दगडही घेऊन गेले, व्हेनिसमध्ये बांधकामाला दगड लागतच होता. १६८९ मध्ये बिशपनेही मुक्काम मुरानो बेटावर हलवला आणि १८१८ मध्ये इथला धर्मप्रांतच बंद झाला. चर्च पाडलं नाही कोणी, म्हणून ते उरलं. चौकात उभं राहून आजूबाजूचं गवत आणि आर्टिचोक नावाच्या भाजीचे वाफे बघताना हे माहीत असेल तर बरं, नाहीतर आपण म्हणतो इथे एवढं मोठं चर्च कशाला बांधलं बाबा या लोकांनी.

६. व्हेनिसहून जायचं कसं?

व्हेनिसच्या उत्तर काठावर फोंदामेंते नोवे म्हणून धक्का आहे, तिथून १२ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट. ती मुरानोच्या दीपगृहाच्या धक्क्यावर थांबते, मग मात्झोर्बो, आणि पुढे बुरानो-तोर्चेल्लो. साधारण पाऊण तास धरा. प्रत्येक फेरी तोर्चेल्लोला थांबतेच असं नाही हं, धक्क्यावरच्या बोर्डावर नाव आहे का बघूनच चढा. नसेल तर बुरानोला उतरा, तिथून समोरच दिसतं, बोटीने पाच मिनिटं. सान मार्कोच्या धक्क्यावर जाऊन १२ नंबर शोधत बसू नका, माझ्या चुलत दिराने अर्धा तास शोधली.

७. बोटीचं तिकीट महाग आहे का? पास घ्यावा का?

महागच आहे. एक तिकीट ९.५० युरोचं, ७५ मिनिटं चालतं. आता हिशोब करा, व्हेनिस ते तोर्चेल्लो एक, तिथे दोन तास काढून बुरानोला जाताना दुसरं, बुरानोहून परत तिसरं, झाले २८.५० युरो, आणि २४ तासांचा पास २५ चा. म्हणजे बेटांच्या दिवशी पास घ्यायचाच. ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५. घरात ६ ते २९ वयातलं कोणी असेल तर त्यांना रोलिंग व्हेनिस नावाचं कार्ड घेऊन ७२ तासांचा पास बराच स्वस्त पडतो, सहाच्या आतली मुलं फुकट. प्रत्येक वेळी चढण्याआधी धक्क्यावरच्या मशीनला कार्ड टेकवायचं, पास असला तरी. नाही टेकवलं आणि तपासनीस आला तर दंड, आणि तो दंड तिकिटापेक्षा खूप मोठा असतो.

८. व्हेनिसची ती नवीन एंट्री फी तोर्चेल्लोलाही लागते का?

बेटावर नाही लागत. २०२४ पासून ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात व्हेनिसच्या जुन्या शहरात दिवसापुरतं येणाऱ्यांना ती भरावी लागते, आधी भरली तर ५ युरो, ऐनवेळी भरली तर १०. तोर्चेल्लो, बुरानो, मुरानो, लिदो ही बेटं त्यात धरत नाहीत. गोम एकच, बोट पकडायला तुम्ही जुन्या शहरातूनच चालत फोंदामेंते नोवेला जाणार, तेव्हा त्या दिवशी ती तुमच्याकडे असायला हवी. व्हेनिसमध्ये हॉटेलात मुक्काम असेल तर फी माफ, पण माफीची नोंद ऑनलाईन करून कोड जवळ ठेवावा लागतो, "आम्ही इथेच राहतोय हो" म्हणून चालत नाही.

९. मुरानो, बुरानो आणि तोर्चेल्लो एका दिवसात होतात का?

होतात. व्हावीत का, हा वेगळा प्रश्न. अर्ध्या दिवसाच्या टूर असतात, त्या तीन बेटं दाखवतात आणि तोर्चेल्लोला अर्धा-पाऊण तास देतात, त्यातली वीस मिनिटं चालण्यात जातात, पाच अतिलाच्या खुर्चीवर (प्रश्न १८) फोटो काढण्यात, आणि मग लोक परत येऊन सांगतात की तोर्चेल्लोत काहीच नाही. तिकडे मुरानोच्या काचेच्या दुकानात मात्र तासभर बसवून ठेवतात.

माझं ऐकाल तर मुरानो सोडा किंवा दुसऱ्या दिवशी करा. सकाळी सरळ तोर्चेल्लो गाठा, चर्च उघडतानाच आत जा, दोन-अडीच तास द्या, मग जेवायला बुरानो. उलटं केलंत, म्हणजे आधी बुरानो, तर रंगीत घरांचे फोटो काढता काढता दुपार होते, पाय दुखतात, आणि चर्चला उरतात ती शेवटची चाळीस मिनिटं. पहिल्या वेळी मी हेच केलं होतं, म्हणून तर दुसऱ्यांदा जावं लागलं.

१०. चर्चची वेळ काय, तिकीट किती?

उन्हाळ्यात साधारण साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच-सहा, हिवाळ्यात दहा ते पाचच्या आसपास, शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा तास आधी. मोठ्या चर्चला तिकीट आहे, फार नाही, काही युरो. म्युझियमसकट एकत्र तिकीट मिळत असेल तर घ्या, का ते प्रश्न १३ मध्ये. सांता फोस्का फुकट. अजूनही चालतं चर्च आहे हे, त्यामुळे सणावाराला मिसा, म्हणजे प्रार्थना, असली तर पर्यटकांना थांबवतात. १५ ऑगस्ट हा तर इथला मुख्य सण, कारण चर्चच मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, स्वर्गारोहणाचं आहे, त्या दिवशी जाणार असाल तर आधी चौकशी करा.

११. आत गेल्यावर काय बघायचं, कुठल्या क्रमाने?

आत शिरलात की मागे वळून बघू नका. मला माहितेय कठीण आहे, पण नका बघू. सरळ पुढे चालत जा.

आधी खाली बघा, जमीन ११ व्या शतकातली आहे, रंगीत दगड कापून बसवलेली, वर्तुळं, चौकोन, लाटा. मग खांबांमधून पुढे गेलं की गाभाऱ्याच्या अलीकडे संगमरवरी पडदी लागते. तिच्यावर मोर कोरलेत, दोन मोर समोरासमोर उभे राहून उंच पात्रातून पाणी पितायत, भोवती वेलबुट्टी. आईला फोटो दाखवला पोस्टकार्डावरचा तर म्हणाली, अगं ही तर पैठणी. ख्रिस्ती अर्थाने मोर म्हणजे अमरत्व. पडदीवरच्या छोट्या खांबांवर मारिया आणि प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, चित्रांची जी रांग दिसते ती बरीच नंतरची, १५ व्या शतकातली.

आता वर बघा. अर्धगोल भिंत पूर्ण सोन्याची आणि तिच्या मधोमध एकटी मारिया उभी, उंच, सडपातळ, गडद निळ्या वस्त्रात, डाव्या हातावर बाळ, उजवा हात बाळाकडे दाखवणारा. या रूपाला ग्रीकमध्ये होदेगेत्रिया म्हणतात, म्हणजे वाट दाखवणारी. तिच्या आजूबाजूला कोणी नाही, काहीही नाही, एवढी मोठी भिंत आणि त्यात ती एक बाई. व्हेनिसमध्ये चार दिवस सगळीकडे गच्च भरलेली छतं बघून आल्यावर ही रिकामी जागा फार अंगावर येते. तिच्या पायाखाली बारा प्रेषित फुलांच्या गवतात उभे आहेत. त्यांच्याही खाली अर्धवर्तुळात विटांच्या पायऱ्या दिसतील, ती धर्मगुरूंची बसायची जागा, मधे उंच बिशपचं आसन. वेदीखाली रोमन काळातली दगडी शवपेटी आहे, तिच्यात आल्तिनोचा पहिला बिशप संत हेलिओदोरसचे अवशेष, लोक घर सोडून आले तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन आले.

उजवीकडचा छोटा गाभारा बरेच जण चुकवतात. त्याच्या छताला चार देवदूत हात वर करून मधलं वर्तुळ पेलतायत, वर्तुळात कोकरू. राव्हेन्ना शहरातलं सान व्हितालेचं चर्च बघितलं असेल तर ओळखीचं वाटेल.

हे सगळं झालं की मग वळा. मागची अख्खी भिंत, वरपासून दारापर्यंत, शेवटच्या न्यायाची आहे, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त सगळ्या माणसांचा न्याय करतो तो प्रसंग. एखादा बाक किंवा कोपरा मिळाला तर बसा. शब्दशः बसा, निदान वीस मिनिटं. काय काय दिसतं ते पुढच्या प्रश्नात.

१२. त्या मागच्या भिंतीवर नक्की काय आहे? मुलांना दाखवण्यासारखं आहे का, घाबरतील का?

वरून खाली वाचायचं. सगळ्यात वर क्रूसावरचा ख्रिस्त. त्याखाली मोठा ख्रिस्त नरकाची दारं मोडून, ती पायाखाली तुडवत, आदमला मनगट धरून बाहेर ओढतोय, खाली किल्ल्या-कुलपं विखुरलेली, दोन्ही टोकांना राजवाड्यातल्या दरबारी पोशाखात मोठाले देवदूत. त्याखाली न्यायाला बसलेला ख्रिस्त, आणि त्याच्यापासून एक लाल धगधगती नदी निघते ती थेट खाली नरकात जाते, तिचा प्रवास बोटाने दाखवता येतो. त्याखाली रिकामं सिंहासन, न्यायाधीश येण्याआधी मांडून ठेवलेलं, आणि बाजूला देवदूत शिंगं फुंकतायत, त्या आवाजाने जमिनीवरची जनावरं आणि समुद्रातले मासे त्यांनी कधीकाळी खाल्लेली माणसं तोंडातून परत काढून देतायत, कोणाचा हात, कोणाचं डोकं. माझ्या भाचीला हे सगळ्यात आवडलं.

अगदी खाली, दारावर, तराजू. एका बाजूला देवदूत तराजू धरून, दुसरीकडे भुतं खांद्यावर पिशव्या घेऊन आलीत आणि पारडं आपल्याकडे झुकवायला बघतायत. डाव्या हाताला स्वर्ग, शांत, किल्ली घेतलेला पीटर, मांडीवर आत्म्यांची लेकरं घेऊन बसलेला अब्राहम. उजव्या हाताला नरक, आणि कारागिराचा जीव खरा तिथे रमलाय. आगीत मुकुटवाली डोकी, देवदूत त्यांना भाल्याने ढकलतायत, निळीकाळी भुतं उडतायत, मधे निळा म्हातारा मांडीवर पोर घेऊन बसलेला, आणि त्याच्या आसनाचे हात म्हणजे माणसं गिळणारे प्राणी. त्याखाली खणाखणांत एकेक पाप. खादाड स्वतःचेच हात चावतायत. रागीट पाण्यात बुडवून ठेवलेत, थंड व्हायला बहुतेक. मत्सर करणाऱ्यांच्या कवट्या आणि डोळ्यांच्या खोबणीतून साप.

मुलं घाबरत नाहीत, मोठेच घाबरतात. गरुडपुराणातली वर्णनं ऐकत मोठं झालेल्यांना तर यात नवीन काही नाही. लहान मुलांना "साप शोध, मासा शोध" म्हणून बसवा, अर्धा तास निघतो.

आणि एक लक्षात घ्या, येताना तुमच्यासमोर मारिया असते, निघताना हा न्याय. बाहेर पडणाऱ्याने तराजूखालूनच जायचं.

१३. मोझेक सगळं मूळचं आहे का, की नंतर दुरुस्त केलेलं?

बहुतेक ११ व्या आणि १२ व्या शतकातलं, १११७ चा मोठा भूकंप झाल्यावरही बरंच काम परत करावं लागलं. १९ व्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली काही डोकी आणि भाग काढून नवे बसवले, मूळ तुकडे विकले गेले आणि आज वेगवेगळ्या म्युझियममध्ये सापडतात, काही समोरच्या चौकातल्या म्युझियममध्येही. म्हणून म्हटलं एकत्र तिकीट घ्या, भिंतीवर जे पन्नास फुटांवरून बघता तेच तिथे हातभर अंतरावर बघायला मिळतं आणि तुकडे कसे वेडेवाकडे बसवलेत ते कळतं.

१४. सोनं खरं असतं का?

खरं, पण फार पातळ. काचेच्या जाड थरावर सोन्याचा वर्ख, त्यावर काचेचाच अगदी पातळ थर, हे भाजून एकजीव करायचं आणि मग बारीक तुकडे पाडायचे. आपल्या मिठाईवरच्या चांदीच्या वर्खासारखंच, फक्त दोन काचांच्या मधे. तुकडे भिंतीत मुद्दाम थोडे तिरके बसवतात, म्हणून तुम्ही दोन पावलं सरकलात की उजेड सरकतो. ढगाळ दिवशी गेलात तरी निराश होऊ नका, मला ढगाळ दिवशीच जास्त आवडलं. तोर्चेल्लोवरच उत्खननात काच बनवायची जुनी भट्टी सापडलीये, मुरानो काचेसाठी प्रसिद्ध व्हायच्या कितीतरी आधीची.

१५. फोटो काढू देतात का?

मोठ्या चर्चच्या आत मनाई, मी गेले तेव्हा दोन्ही वेळा राखणदार लक्ष ठेवून होते. दारावरची पाटी बघा आणि तसं वागा. बाहेर कितीही काढा. पोस्टकार्डं घ्या, चांगली असतात.

१६. कपडे काय घालायचे, चपला काढायच्या का, आणि आम्ही हिंदू आहोत तर मेणबत्ती लावलेली चालते का?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायका-पुरुष दोघांनाही. ओढणी सोबत असली की प्रश्न मिटतो, साडी-सलवार तर काहीच अडचण नाही. चपला काढत नाहीत, काढल्यात तर लोक बघत बसतील. पुरुषांनी टोपी काढायची. मेणबत्त्या ठेवल्या असतील तर कोणीही लावू शकतं, डब्यात नाणं टाकायचं, धर्म कोणी विचारत नाही. माझ्या सासूबाईंनी हात जोडून नमस्कार केला, बाजूची इटालियन आजी त्यांच्याकडे बघून हसली, झालं. फक्त प्रार्थना चालू असताना प्रसादाच्या रांगेत उभं राहू नका, तो त्यांच्यातल्या दीक्षितांसाठीच असतो.

१७. शेजारच्या सांता फोस्कात काही आहे का, की नाही बघितलं तरी चालेल?

दहा मिनिटं द्याच. ११ व्या-१२ व्या शतकातलं, चारी बाजू सारख्या असलेल्या ग्रीक क्रूसाच्या आकाराचं, भोवती खांबांची ओसरी. वर घुमट येणार होता, पण आज आहे ते लाकडी छप्पर. आत काहीच नाही, नुसत्या विटा, खांब आणि शांतता. मोठ्या चर्चमधली सगळी गर्दी डोक्यातून उतरवायला ओसरीवर बसावं. संत फोस्काचे अवशेष लिबियातल्या साब्राथाहून आणले असं मानतात.

१८. अतिलाचं सिंहासन आणि सैतानाचा पूल खरे आहेत का?

खुर्ची खरी, अतिला खोटा. हूणांचा राजा अतिला ४५३ मध्ये मेला, तोर्चेल्लो नावारूपाला यायच्या आधीच. ती संगमरवरी खुर्ची बहुधा इथल्या अधिकाऱ्याची किंवा बिशपची. बसू देतात, रांग असते.

पूल खराच, आणि त्याला कठडे नाहीत. पूर्वी व्हेनिसमधले बरेच पूल असेच असायचे, आता शहरात असा आणखी एकच उरलाय. गोष्ट अशी सांगतात की सैतान दरवर्षी २४ डिसेंबरच्या रात्री काळ्या मांजराच्या रूपात तिथे येतो. लहान मुलांचा हात धरा, मांजरासाठी नव्हे, पाण्यासाठी.

१९. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात, जमेल का? आणि टॉवर?

धक्क्यापासून चर्चपर्यंत वाट सपाट आहे, घाई नसेल तर आरामात जमतं, सावली मात्र कमी. बोटीत चढताना-उतरताना फळी हलते, खलाशी हात देतात, लाजू नका. टॉवर ११ व्या शतकातला, सुमारे ५५ मीटर उंच, आत बरीचशी चढण पायऱ्यांऐवजी उताराची आहे, पण अरुंद आणि लांबलचक. तो कधी चालू कधी बंद असतो. चालू असेल आणि तुमचे गुडघे ठीक असतील तर जा, वरून लगूनचे चिखलाचे पट्टे आणि नागमोडी पाणी बघितलं की प्रश्न ५ मधला गाळ नीट समजतो. आई-बाबांना ओसरीत बसवा.

२०. व्हेज जेवण मिळतं का?

बेटावर मोजकीच रेस्टॉरंट आहेत आणि स्वस्त एकही नाही. एका जुन्या खानावळीत १९४८ मध्ये अमेरिकन लेखक हेमिंग्वे राहिला होता, तिथे जेवायचं तर आधी पैसे मोजून ठेवा. शुद्ध शाकाहारी असाल तर टोमॅटोचा पास्ता सगळ्यात सेफ. रिसोत्तोपासून सावध, वर भाजी दिसली तरी भात बरेचदा मांसाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवतात, आणि बुरानोचा प्रसिद्ध रिसोत्तो तर माशाचाच. "सेंझा कार्ने, सेंझा पेशे" एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको, मासा नको. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजणासारखं द्रव्य, असतं, कडक पाळणाऱ्यांनी तेही नको म्हणून सांगावं. बुरानोची ती गोल बिस्किटं, बुसोला, अंड्याची असतात. वसंतात गेलात तर शेजारच्या सांतेरास्मो बेटावरचे कोवळे आर्टिचोक मिळतात, ते मात्र सोडू नका.

मी दशम्या आणि चटणी नेली होती, धक्क्याजवळ बसून खाल्ली. चर्चच्या पायऱ्यांवर डबा उघडू नका. आणि भारतातून निघताना पेढे, बर्फी बॅगेत टाकू नका, दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे.

२१. कुठल्या महिन्यात जावं? पूर आला तर? डास?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि बुरानोच्या बोटींना मरणाची गर्दी. नोव्हेंबरपासून धुकं, मला आवडतं, पण बोटी रखडतात. भरतीच्या पुराची भीती पूर्वीइतकी राहिली नाही, ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडावरचे मोझे नावाचे दरवाजे मोठ्या भरतीला वर उचलतात. उन्हाळ्यात संध्याकाळी डास आहेत, ओडोमॉस ठेवा. मलेरियाची काळजी नको, इटली १९७० मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली.

२२. बोट चुकली किंवा संप असला तर?

संप इटलीत आधी जाहीर होतो, धक्क्यावर "शोपेरो" असं लिहिलेलं दिसलं की समजा, त्या दिवशी लांबची बेटं नकोतच. बोट चुकली तर पुढची अर्ध्या तासाने, संध्याकाळी त्याहून जास्त वेळाने. पोचल्या पोचल्या परतीच्या टाईमटेबलचा फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता, पावसात धक्क्यावरच्या तरंगत्या खोलीत पन्नास मिनिटं बसले, सोबतीला एक कुत्रा.

२३. एवढं करून गेलो आणि मोठं चर्च बंदच निघालं तर?

फुकट नाही जात. दारासमोर जमिनीत गोलाकार पाया दिसेल, तो जुन्या बाप्तिस्मागृहाचा. सांता फोस्काची ओसरी, खुर्ची, पूल सगळं उघड्यावरच आहे, म्युझियम वेगळं चालतं. आणि एक गोष्ट चर्च चालू असतानाही नव्वद टक्के लोक बघत नाहीत: चर्चच्या दक्षिणेच्या बाजूला जा आणि वर खिडक्यांकडे बघा. खिडक्यांना लाकडी झडपा नाहीत, अख्ख्या दगडी फरशांच्या झडपा आहेत, दगडाच्याच बिजागरांवर टांगलेल्या, वाऱ्या-वादळात बंद करता याव्यात म्हणून.